प्रेअरी डॉगची दिनचर्या आणि त्याची शिकार

प्राण्यांच्या हाका हा भाषाशास्त्राचा विषय होय की नाही, याविषयी आपल्या क्षेत्रात पुष्कळ वाद झालेला आहे. त्या वादात सहसा एकच प्रश्न विचारला जातो : या हाकांत मानवी भाषेची लक्षणे किती प्रमाणात आढळतात ? प्रस्तुत लेखात हा विषय थोड्या निराळ्या बाजूने मांडावयाचा आहे. एखादा संकेत उपयोगी पडण्यास कोणती परिस्थिती अवश्य असते, आणि ती परिस्थितीच नाहीशी झाली असता त्या संकेतावर विसंबून जगणाऱ्या समूहाचे काय होते, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत राहणाऱ्या प्रेअरी डॉग या प्राण्याचे उदाहरण घेतले आहे. त्याची दिनचर्या, त्याच्या हाका आणि त्याची शिकार या तिन्हींचा अभ्यास तपशिलाने झालेला आहे. आणि या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, असे हा अभ्यास वाचीत असता ध्यानात येते.

१. नाव व प्राणी

नावात ‘डॉग’ असले तरी हा प्राणी कुत्रा नव्हे. तो खारींच्या कुलातील, जमिनीत बिळे करून राहणारा, सुमारे एक किलो वजनाचा कृंतक आहे. आपल्याकडील अंगणातली खार आणि सह्याद्रीच्या जंगलातील शेकरू ही त्याच कुलातील होत. कुत्र्याचे नाव त्यास मिळाले ते केवळ भुंकण्यासारख्या हाकेमुळे. १८०४ च्या सप्टेंबरात ल्यूइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेस मिसुरी नदीच्या काठी त्याची वसाहत प्रथम आढळली, त्या वेळी फ्रेंच व्यापारी त्यास ‘लहान कुत्रा’ या अर्थाचे नाव देत असल्याची नोंद क्लार्कने केली. बिळात पुष्कळ पाणी ओतून त्यांनी एक प्राणी जिवंत पकडला. पुढल्या वर्षी पूर्वेकडे पाठविलेल्या नमुन्यांत एक जिवंत प्रेअरी डॉग होता व तो राजधानीपर्यंत सुखरूप पोहोचला. ल्यूइसने मात्र त्यास ‘भुंकणारी खार’ म्हटले, आणि प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तेच नाव अधिक यथार्थ होते. १८१७ मध्ये राफिनेस्क याने योजलेल्या ‘सायनोमिस’ या प्रजातिनामाचा अर्थ ‘श्वान-मूषक’ असा आहे. म्हणजे शास्त्रीय नावानेही लोकांच्या कानाचाच कौल मान्य केला.

मूळ रहिवाशांच्या भाषांतही या प्राण्याची ओळख त्याच्या आवाजानेच झालेली दिसते. लाकोटा भाषेतील ‘पिस्पिझा’ हे नाव ऐकताच त्यातील ध्वन्यनुकरण जाणवते. झेब्युलन पाइक या प्रवाशाने ‘विशटनविश’ असे नाव नोंदविले व ते प्राण्याच्या हाकेवरून पडले असल्याचे सांगितले. हेच नाव पुढे कादंबरीकार फेनिमोर कूपर याने एका रात्रिंचर पक्ष्यास देऊन टाकले. ध्वनीवरून बनलेला शब्दही, ध्वनी करणारा प्राणी दृष्टीआड झाला की, इतर शब्दांप्रमाणेच वाटेल तिकडे भटकू शकतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

प्रेअरी डॉगच्या पाच जाती आहेत. त्यांपैकी काळ्या शेपटीची जाती कॅनडाच्या दक्षिण सीमेपासून मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंतच्या मैदानांत पसरलेली असून तिचाच अभ्यास सर्वांत अधिक झाला आहे. गनिसन या नावाने ओळखली जाणारी जाती ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो व यूटा या राज्यांच्या उंच पठारांवर राहते. हाकांविषयीचे बहुतेक प्रसिद्ध प्रयोग या दुसऱ्या जातीवर झाले आहेत, तर बंदुकीच्या शिकारीचे परिणाम पहिल्या जातीवर पाहिले गेले आहेत. हा भेद वाचकाने पुढील विवेचनात ध्यानी ठेवावा.

२. दिवसाची वाटणी

प्रेअरी डॉग हा पूर्णपणे दिनचर प्राणी आहे. सूर्योदयानंतर तो बिळाच्या तोंडाशी येतो, डोके बाहेर काढून काही वेळ नुसता पाहत राहतो, आणि मग बाहेर पडतो. सूर्यास्ताच्या सुमारास तो पुनः बिळात शिरतो तो दुसऱ्या दिवसापर्यंत. उन्हाळ्यात त्याच्या दिवसाचे दोन भाग पडतात. सकाळी आणि दुपार उतरल्यावर तो चरतो. मधल्या कडक उन्हात बिळातील गारव्यात जाऊन बसतो. हिवाळ्यात हा क्रम उलटतो. पहाटेचा गारठा ओसरल्यावर दिवसाच्या मध्यभागी एकच कामाचा काळ उरतो, आणि वादळी थंडीच्या दिवसांत तो बाहेर पडतच नाही. गनिसन जाती हिवाळा दीर्घ निद्रेत काढते. काळ्या शेपटीची जाती तशी शीतनिद्रा घेत नाही. शरीरात साठविलेल्या मेदावर व जे मिळेल त्या सुकल्या गवतावर ती दिवस काढते. म्हणून तिच्या बाबतीत उन्हाळ्यातील चरण्याचे तास हे हिवाळ्याचे भांडवल असते.

या दिवसाचा मोठा भाग चरण्यात जातो. परंतु चरणे म्हणजे मान खाली घालणे, आणि मान खाली घातली म्हणजे दूरचे दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक प्राणी थोड्याथोड्या वेळाने मागल्या पायांवर उभा राहून सभोवार पाहतो. बिळाच्या तोंडाभोवती मातीचा उंचवटा केलेला असतो. त्याने पावसाचे पाणी अडते, वाऱ्याच्या साहाय्याने बिळात हवा खेळती राहते, आणि टेहळणीसाठी उंच जागाही मिळते. काळ्या शेपटीची जाती वसाहतीतील उंच झाडोरा न खाताच कुरतडून पाडते, तो दृष्टी मोकळी राहावी म्हणून.

वसाहतीत राहण्याचा लाभ येथे स्पष्ट होतो. अनेक डोळे असले की प्रत्येकास पहारा कमी करावा लागतो, आणि वाचलेला वेळ खाण्यास मिळतो. साउथ डकोटातील विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानात जॉन किंग याने केलेले व १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या विषयात पायाभूत मानले जाते. एक प्रौढ नर, काही माद्या व त्यांची पिले अशा कुटुंबगटास त्याने ‘कोटरी’ हे नाव दिले. एका कुटुंबगटातील प्राणी भेटले की तोंडास तोंड लावून एकमेकांस ओळखतात. परका आढळल्यास त्यास हाकलून लावतात. त्याच उद्यानात १९७५ पासून जॉन हूगलंड याने प्रदीर्घ काळ निरीक्षणे केली. त्यांवरून असे दिसते की, मादी वर्षातून एकाच दिवशी, तोही काही तासच, समागमोत्सुक असते. गर्भधारणेनंतर सुमारे पाच आठवड्यांनी बिळात पिले होतात आणि ती सुमारे सहा आठवड्यांची झाली म्हणजे प्रथम बाहेरचा उजेड पाहतात. वर्षाचे इतके कार्य अशा मोजक्या वेळांत बसविलेले असल्याने या प्राण्याच्या जीवनात वेळेचा हिशेब फार काटेकोर असतो.

३. हाक आणि तिचे उत्तर

पहाऱ्यावरील प्राण्यास धोका दिसला की तो हाक देतो. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातील कॉन स्लोबोडचिकॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी गनिसन जातीच्या हाकांचे ध्वनिमुद्रण करून त्यांचे ध्वनिशास्त्रीय पृथक्करण केले. ससाणा, मनुष्य, कायोटी आणि पाळीव कुत्रा या चार प्रकारच्या आगंतुकांसाठी हाकांची घडण भिन्न असते, असे त्यांना आढळले. हाकेस मिळणारा प्रतिसादही भिन्न असतो. ससाणा झेप घेत असेल तर त्याच्या मार्गातील प्राणी तेवढे बिळात उडी घेतात, बाकीचे उभे राहून पाहतात. मनुष्य दिसला तर सर्व वसाहत बिळांकडे धावते. कायोटी आला तर प्राणी बिळाच्या तोंडाशी येऊन उभे राहतात, आणि आत असलेलेही बाहेर येऊन त्याच्यावर नजर ठेवतात. कुत्र्यासाठी जो जेथे असेल तेथेच उभा राहतो.

ही भिन्नता केवळ भीतीच्या कमी-अधिक तीव्रतेची असेल, अशी शंका घेता येईल. ती तपासण्यासाठी मुद्रित हाका कोणताही शत्रू उपस्थित नसताना वसाहतीस ऐकविण्यात आल्या. तेव्हाही प्राण्यांनी त्या त्या शत्रूस साजेशीच वर्तणूक केली. म्हणजे निर्देश्य वस्तू समोर नसता केवळ ध्वनीवरून तिच्याविषयीचा बोध झाला. आणखी काही प्रयोगांत निरनिराळ्या रंगांचे सदरे घातलेली माणसे वसाहतीतून चालविली असता हाकांत रंगानुसार फरक आढळला. यावरून स्लोबोडचिकॉफ यांनी या हाकांस ‘भाषा’ म्हणावे, इतपत निष्कर्ष काढला आहे. तो सर्वांनी स्वीकारलेला नाही. चार्ल्स हॉकेट याने १९६० मध्ये भाषेची जी लक्षणे मांडली, त्यांपैकी गत वा दूरस्थ गोष्टीविषयी बोलण्याची शक्ती आणि निरर्थक ध्वनिघटकांतून सार्थ घटक बनविण्याची द्विस्तरीय रचना ही दोन लक्षणे येथे निर्विवादपणे सिद्ध झाली, असे म्हणवत नाही. परंतु हाक आणि तिचा विषय यांत नियत संबंध आहे, एवढे मान्य करण्यास हरकत नसावी.

काळ्या शेपटीच्या जातीविषयी हूगलंड याने पेंढा भरलेला बॅजर वसाहतीतून ओढून नेण्याचे प्रयोग केले. ज्यांचे आप्त जवळ होते, ते प्राणी आप्त नसलेल्यांपेक्षा अधिक वेळा हाक देत असल्याचे त्यात दिसले. हाक देणे हे आप्तांसाठी केलेले कार्य आहे, असा त्याचा अर्थ. याच जातीत आणखी एक लक्षणीय वर्तन आढळते. एक प्राणी मागल्या पायांवर ताठ उभा राहून, पुढले पाय वर फेकून एक आरोळी देतो, आणि शेजारचे प्राणी एकामागून एक तीच क्रिया करतात. धोका टळल्याची ही सूचना असावी, असे पूर्वी मानीत. जेम्स हेअर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, शेजाऱ्यांचा प्रतिसाद जितका दीर्घ, तितका आरंभ करणारा प्राणी पहारा कमी करून चरण्याकडे वळतो. जणू शेजारी जागे आहेत ना, याची तो खात्री करून घेतो.

४. निसर्गातील शिकारी

वरील सर्व व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत आहे. शत्रू दिसणे आणि शत्रूचा घाव पडणे यांमध्ये काही अवधी असतो, आणि हाक त्या अवधीत बसते. कायोटीस मैदान ओलांडावे लागते. ससाण्यास आकाशातून उतरावे लागते. बॅजरास खणावे लागते. हाक ऐकून बीळ गाठावयास पुरेसा वेळ असेल तरच हाकेस मूल्य आहे. दुसरे असे की, हे शत्रू निघून जातात आणि जाताना दिसतात. त्यामुळे धोक्यास आरंभ असतो तसा शेवटही असतो, आणि शेवट कळला म्हणजे प्राणी पुनः चरू लागतात.

यास एक अपवाद आहे व तो विचारात घेतला पाहिजे. काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा लांबट देहाचा प्राणी जवळजवळ सर्वस्वी प्रेअरी डॉगवर जगतो. तो रात्री बिळात शिरून झोपलेल्या भक्ष्यास मारतो. तेथे पहाऱ्याचा व हाकेचा उपयोग होत नाही. तथापि प्रेअरी डॉग दिवसा फेरेटचे बीळ मातीने बुजवून टाकताना आढळतात. हाक चालत नाही तेथे कृती चालते. शिवाय फेरेट रात्र घेतो, पण दिवस शाबूत ठेवतो. चरण्याचे तास त्याच्यामुळे फारसे कमी होत नाहीत.

५. मनुष्याची शिकार

मनुष्याने या प्राण्याची शिकार फार पूर्वीपासून केली आहे. नव्हाहो लोक तो खात असत. पावसाचे वाहते पाणी बिळाकडे वळविणे, किंवा चकाकत्या वस्तूने उन्हाचा कवडसा बिळाच्या तोंडाशी पाडून बाहेर येणाऱ्या प्राण्याचे डोळे दिपविणे व मग बाण मारणे, अशा त्यांच्या रीती होत्या. या सर्व रीतींत शिकाऱ्यास बिळाजवळ यावे लागे. वसाहतीच्या दृष्टीने तोही कायोटीसारखाच, येणारा आणि जाणारा शत्रू होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र पालटले. १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात हार्ट मेरियम याने टेक्सासमधील एकाच वसाहतीचा विस्तार सुमारे २५,००० चौरस मैल व संख्या ४० कोटी असल्याचे लिहिले. तसेच २५६ प्रेअरी डॉग एका गायीइतके गवत खातात, असा हिशेब मांडला. गुरे पाळणाऱ्यांस हा आकडा निर्णायक वाटला. पुढे सरकारी साहाय्याने विषारी धान्य टाकून वसाहती नष्ट करण्यात आल्या. त्यात प्लेगाची भर पडली. १८९६ मध्ये मुंबईस ज्या प्लेगाने ग्रासले, त्याच जागतिक साथीत तो जंतू १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोस पोहोचला आणि कालांतराने मैदानांतील कृंतकांत पसरला. प्रेअरी डॉगमध्ये त्यास प्रतिकार जवळजवळ नसल्याने लागण झालेली वसाहत बहुधा सबंध नाहीशी होते. वसाहती गेल्या तसा फेरेटही गेला. तो नामशेष झाला असे समजले जात असता १९८१ मध्ये वायोमिंग राज्यातील मिटीत्सी गावाजवळ एका पाळीव कुत्र्याने मारलेल्या फेरेटमुळे शेवटच्या समूहाचा शोध लागला. त्यातील उरलेले १८ प्राणी १९८७ पर्यंत पकडून त्यांची पैदास करण्यात आली, व १९९१ पासून ते पुनः मैदानात सोडले जात आहेत.

मेरियमच्या हिशेबास पुढे बरीच मुरड पडली. वसाहतीतील गवत आखूड असले तरी कोवळे व अधिक पौष्टिक असते, आणि गवे तेथे आवर्जून चरावयास येतात, असे विंड केव्ह येथील संशोधनात दिसून आले. गुराख्याचे नुकसान सर्वस्वी काल्पनिक आहे असे नव्हे. परंतु ते साध्या भागाकाराने मोजता येत नाही. तरीही कित्येक राज्यांत हा प्राणी उपद्रवी गणला जातो, आणि खासगी जमिनीवर त्याच्या शिकारीस संख्येची मर्यादा नसते. आज त्याची जी शिकार होते ती बहुतांशी नेमबाजीच्या हौसेची आहे. दुर्बीण लावलेली रायफल टेकवून शिकारी दोनतीनशे मीटर अंतरावर बसतो व तासन्‌तास गोळ्या झाडतो. मारलेले प्राणी बहुधा तेथेच टाकून दिले जातात. फुटणाऱ्या गोळ्यांतील शिशाचे कण त्यांच्या देहांत राहतात, आणि मृत मांस खाणाऱ्या पक्ष्यांच्या व पशूंच्या पोटात जातात.

६. उरलेल्यांचे काय होते

अशा शिकारीचे समर्थन एका तत्त्वावर केले जाते. संख्या घटली की उरलेल्यांस खाद्य अधिक मिळते, ती धष्टपुष्ट होतात, त्यांना पिले अधिक होतात, आणि तूट आपोआप भरून निघते. पुष्कळ प्राण्यांच्या बाबतीत हे तत्त्व खरे ठरले आहे. जोनाथन पाउली आणि स्टीव्हन बस्कर्क यांनी वायोमिंगमधील थंडर बेसिन येथे काळ्या शेपटीच्या जातीवर ते तपासून पाहिले. काही वसाहतींत शिकार होऊ दिली, काहींत नाही, आणि दोहोंची तुलना केली. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

शिकार झालेल्या वसाहतींत वाचलेल्या प्राण्यांचे सावध राहण्याचे वर्तन आठपट वाढले. जमिनीवर राहण्याचा व चरण्याचा वेळ ६६ टक्क्यांनी घटला. प्रौढांची शारीरिक स्थिती ३५ टक्क्यांनी खालावली. कोवळ्या प्राण्यांत ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण ८० टक्क्यांनी वाढले. संख्या कमी झाली असूनही हिवाळ्यात तगून राहण्याचे प्रमाण वाढले नाही. पुढल्या उन्हाळ्यात गर्भधारणेचे प्रमाण निम्म्यावर आले व पिलांची उत्पत्ती ७६ टक्क्यांनी उतरली. गवत मुबलक होते. ते खाण्यास बाहेर पडण्याचे धैर्य मात्र उरले नव्हते.

या आकड्यांचा अर्थ लावताना दिनचर्येकडे परत यावे लागते. या जातीपाशी हिवाळ्याकरिता उन्हाळ्यातील काही तासांवाचून दुसरे भांडवल नाही, हे वर आलेच आहे. गोळीने मेलेला प्राणी मोजता येतो. परंतु वाचलेल्याच्या दिवसातून गेलेले तास कोणाच्याच मोजणीत येत नाहीत. ते पुढल्या वर्षी न जन्मलेल्या पिलांच्या रूपाने दिसतात.

येथे मला भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावयाचे आहे. ती प्रयोगाने सिद्ध झालेली नसून उपलब्ध माहितीवरून मी केलेले अनुमान आहे. तीनशे मीटरवरून सुटलेली रायफलची गोळी अर्ध्या सेकंदाच्याही आत पोहोचते; तिचा बार ऐकू येण्यास सुमारे नऊ दशांश सेकंद लागतात. म्हणजे प्राणी मेल्यानंतर त्याच्या मृत्यूचा आवाज येतो. शत्रू दिसणे आणि घाव पडणे यांमधला जो अवधी हाकेचे घर होता, तो उरत नाही. शेजारी हाक देतात, बिळात जातात. परंतु ज्याच्याकडे पाहावे असे काही मैदानात नसते. कायोटीसाठी बाहेर येऊन त्याच्यावर नजर ठेवणे हा शहाणपणा. येथे तोच घातक ठरतो. आणि शत्रू येताना दिसला नाही तसा जातानाही दिसत नाही. त्यामुळे धोका संपला, असे सांगण्यास कोणापाशी पुरावा नसतो. ज्या संकेताचा विषय कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे कळत नाही, तो संकेत मग सबंध दिवसास लागू होतो. आठपट वाढलेली सावधता ही, माझ्या मते, अशा न संपणाऱ्या हाकेची मोजणी होय.

संकेत आणि संकेतविषय यांच्या संबंधाचा विचार आपण बहुधा कालनिरपेक्ष रीतीने करतो. शब्द असतो, अर्थ असतो, दोहोंत रूढीने बांधलेला संबंध असतो. प्रेअरी डॉगचे उदाहरण सांगते की, या संबंधास काळाचेही एक परिमाण आहे. ऐकणाऱ्यास ऐकून काही करता येईल इतका वेळ जगाने दिला पाहिजे. तो वेळ नसेल तर संकेताची रचना कितीही सूक्ष्म असो, तिने रंग ओळखो की आकार, तिच्या सूक्ष्मतेचा लाभ कोणास होत नाही. प्राण्यांच्या हाकांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी म्हणून हाकांच्या मुद्रणाबरोबरच त्या दिवसाची वेळ, प्राणी जमिनीवर किती काळ होता, आणि हाकेनंतर किती वेळाने तो पुनः चरू लागला, याही नोंदी ठेवाव्यात. हाकेचा अर्थ ध्वनिलेखाइतकाच या शेवटच्या आकड्यात आढळतो.